बेसिन आणि मोरी पुन्हा पुन्हा तुंबते: लांब चिमटा कुठवर पुरतो, प्लंबर कधी बोलवायचा

लक्षणं आधी

हत्यार हातात घेण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा. अडथळा कुठे आहे हे पाणी स्वतःच सांगतं.

बेसिनमध्ये दात घासून होईपर्यंत पाणी साचतं, नळ बंद केल्यावर गुळगुळ करत सावकाश उतरतं, पण मोरीत काही त्रास नाही: अडथळा बेसिनच्या तोंडाशी किंवा खालच्या बॉटल ट्रॅपमध्ये (ट्रॅप म्हणजे वास अडवायला थोडं पाणी धरून ठेवणारा पाईपाचा भाग).

बेसिन मोकळं, पण अंघोळ करताना पायाशी पाणी साचतं: मोरीची जाळी किंवा तिच्या खालचा नहाणी ट्रॅप.

बेसिनमधलं पाणी सोडलं की मोरीच्या जाळीतून फेसाळ पाणी वर येतं: मुंबईतल्या अनेक फ्लॅटमध्ये बेसिनचं पाणी नहाणी ट्रॅपमध्येच सोडलेलं असतं. म्हणजे दोन्हीचं पाणी एकत्र होतं त्याच्या पुढे, ट्रॅपच्या वळणात किंवा वळणापलीकडे अडलंय.

तुमचे सगळे नळ बंद आहेत आणि तरी वरच्या मजल्यावर कोणी पाणी सोडलं की तुमच्या मोरीत पाणी चढतं: हा सामायिक उभ्या पाईपचा प्रश्न. पुढचं काहीही करू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा.

पाणी झरझर उतरतं, पण वास येतो: हे तुंबणं नव्हेच. ट्रॅपमध्ये कायम राहायला हवं ते पाणी सुकलंय आणि गटाराची हवा वर येतेय. कमी वापराच्या बाथरूममध्ये किंवा गावाहून परत आल्यावर असं होतं. एक-दोन मग पाणी ओता आणि अर्धा तास थांबून बघा.

साफ केलं तरी पुन्हा का तुंबतं

बाथरूमच्या पाईपात अडकतात ते मुख्यतः केस. त्यांना खोबरेल तेल आणि साबणाचा चिकट थर धरून ठेवतो. मुंबई महापालिकेचं तलावाचं पाणी तसं सौम्य असतं. ज्या सोसायट्यांत बोअरिंगचं किंवा टँकरचं क्षाराचं पाणी मिसळतात, तिथे साबणाचा पांढुरका थर जास्त लवकर साचतो. हा गुंता सहसा तोंडापासून वीतभर अंतरावर असतो, पण लोक त्याला वरून तार किंवा काठीने ढोसतात. गुंत्याला भोक पडतं, पाणी उतरतं, सगळ्यांना बरं वाटतं. गुंता तिथेच असतो, नवे केस अडकवायला आता त्याला काठही मिळालेला असतो. दोन-तीन आठवड्यांत तीच रड. काठी जोरात मारली असेल तर गुंता वळणाच्या पलीकडे जातो आणि मग हाताच्या कामाचं प्लंबरचं काम होऊन बसतं.

म्हणून नियम एकच: अडथळा वर ओढून काढायचा, खाली ढकलायचा नाही. लांब चिमटा हवा तो यासाठी.

चिमटा कसा घ्यावा

२७ ते ३० सेंमी लांबीचा, स्टेनलेस स्टीलचा, माशांच्या टाकीत रोपं लावायला वापरतात तो. क्रॉफर्ड मार्केटमधल्या मासे-पक्ष्यांच्या दुकानांत मिळतो, ऑनलाइनही मिळतो. फुलके भाजायचा चिमटा चालत नाही. त्याचे पाय पसरट असतात, बेसिनच्या ३२ मिमीच्या तोंडात शिरले तरी उघडत नाहीत. १५ सेंमीचा चिमटाही बिनकामाचा, कारण गुंत्यापर्यंत टोक पोचेस्तोवर मूठच तोंडाशी अडते.

टोकं आतून खाचांची हवीत. गुळगुळीत टोकातून ओले केस निसटतात. दुकानात चिमटा जोरात दाबून बघा. स्वस्त पातळ पत्र्याचा असेल तर टोकं एकमेकांवर चढतात किंवा फाकतात. तसला घेऊ नका. सरळ आणि वाकड्या टोकाचा अशा दोन जाती येतात. एकच घ्यायचा असेल तर सरळ घ्या, अरुंद तोंडात वाकडं टोक फिरवायला जागा नसते.

मागच्या टोकाला हातभर सुतळी बांधून तिचं दुसरं टोक नळाला किंवा मनगटाला अडकवा. साबणाच्या हातातून चिमटा सुटला आणि ट्रॅपच्या वळणात आडवा बसला, तर केसांपेक्षा मोठा अडथळा तुम्हीच तयार केलेला असतो. सोबत रबरी हातमोजे, मोबाईलची बॅटरी, जुनी बादली, जुना टूथब्रश आणि रद्दी एवढं पुरे.

हा चिमटा धातूचा आहे हे विसरू नका. गीझर, वॉशिंग मशीन, स्विचबोर्ड यांच्या फटीत तो घालायचा नाही. आणि कोणी आधीच ड्रेन क्लीनर किंवा ॲसिड ओतून ठेवलं असेल तर चिमटाही नको, हातही नको. ओढताना उडालेला एक थेंब डोळ्यात गेला तरी महागात पडतं.

पहिली तपासणी: मोरीची जाळी

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. तरीही हीच सगळ्यात जास्त वेळा राहून जाते, कारण जाळी वरून स्वच्छ दिसते. जाळी उचला, स्क्रूने बसवलेली असेल तर स्क्रू काढा. गंजून घट्ट झालेला स्क्रू असेल तर त्यावर गंज सोडवणारं तेल टाकून अर्धा तास थांबा, लगेच जोर लावलात तर खाच झिजते. खाली झुरळं येऊ नयेत म्हणून बसवलेला कप असेल तर तोही बाहेर काढा. जाळी आणि कप यांच्यामधल्या फटीतच केसांचा अर्धा साठा सापडतो.

इथे केसांइतकाच हमखास सापडणारा ऐवज म्हणजे शाम्पूच्या पुडीचा फाडलेला कोपरा. एवढासा तिकोनी प्लास्टिकचा तुकडा, पण तो भोकावर सपाट बसला की झडपेसारखं काम करतो. वरून पाणी आलं की बंद, पाणी थांबलं की सैल. मोरी कधी तुंबते, कधी नाही, असं कोडं असेल तर आधी हा तुकडा शोधा. शिवाय टिकल्या, साबणाची चिपटी, टूथपेस्टचं झाकण. सगळं चिमट्याने एकेक उचला, पाण्याने आत ढकलू नका.

कप परत बसवायला विसरू नका. कटकट नको म्हणून अनेक जण तो फेकून देतात आणि मग महिन्याभराने झुरळांची तक्रार करतात.

दुसरी तपासणी: बेसिनचं तोंड

जुन्या बेसिनच्या तोंडात फुलीच्या आकाराची पट्टी असते, नव्यात दाबून उघडझाप होणारं पॉप-अप असतं. पॉप-अपची टोपी घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवली की बहुधा निघते. काही नुसती उचलून निघतात. पाना लावायची वेळ येऊ नये. निघत नसेल तर हाताला रबरी मोजा घालून फिरवा, पकड बसते.

आता बॅटरी धरून आत बघा. फुलीला किंवा पॉप-अपच्या दांड्याला केस गुंडाळलेले दिसतील. चिमटा बंद ठेवून आत घाला, गुंत्याला टेकला की उघडा, पकडा आणि ओढण्याआधी दोन-तीन वेळा जागच्या जागी फिरवा. केस टोकाभोवती गुंडाळले जातात. मग सावकाश, एका दमात वर. हिसका दिलात तर वरचा अर्धा गुंता हातात येतो आणि खालचा तुटून पुढे जातो. काळी बुळबुळीत दोरी बाहेर येईल, वास येईल. ती रद्दीत गुंडाळून कचऱ्यात टाका. कमोडमध्ये टाकणारे महाभाग आहेत. तसं केलंत तर तोच गुंता दुसऱ्या पाईपात जाऊन बसतो.

काही येईनासं होईपर्यंत हे करा. मग बेसिनच्या वरच्या कडेखालचं ओव्हरफ्लोचं भोक. ते सहसा कोणी साफ करत नाही, आणि बेसिनमधून येणारा ओशट वास अनेकदा तिथलाच असतो. जुन्या सुती कापडाची बोटभर रुंद पट्टी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवून चिमट्याने आत सारा, हलवा, बाहेर ओढा. पट्टीचं एक टोक बाहेर राहू द्या.

शेवटी चाचणी: तोंडावर बोळा धरून बेसिन निम्मं भरा आणि सोडा. दहा-पंधरा सेकंदांत भोवरा करत गेलं तर काम झालं. मिनिटभर रेंगाळलं तर पुढे चला.

तिसरी तपासणी: बॉटल ट्रॅप

बेसिनखाली पेल्यासारखा लटकलेला भाग म्हणजे बॉटल ट्रॅप. जड वस्तू त्याच्या तळाशी बसतात. कानातलं बेसिनमध्ये पडलं असेल तर नळ लगेच बंद करा, ते बहुतेक इथेच सापडेल.

खाली बादली ठेवा. खालचा पेला हाताने फिरवून काढा. क्रोम चढवलेल्या प्लास्टिकला पाना लावला की चीर जाते. अगदीच घट्ट असेल तर कापड गुंडाळून पक्कड हलकेच लावा. पेल्यातला राखाडी गाळ बादलीत ओता, आतली उभी नळी टूथब्रशने घासा, भिंतीकडे जाणाऱ्या आडव्या पाईपात चिमटा सरळ घालून जेवढं पोचेल तेवढं ओढून काढा. परत बसवताना रबरी वॉशर जागेवर सपाट बसलाय ना, हे बोटाने चाचपा. गळती लागते ती बहुतेक वेळा पिळलेल्या वॉशरमुळे, आणि लोक मात्र आटे आवळत राहतात. बसवून झाल्यावर खाली कोरडा कागद ठेवा आणि बेसिन भरून सोडा. कागदावर ठिपका पडला तर पुन्हा उघडा.

बॉटल ट्रॅपऐवजी नागमोडी प्लास्टिकचा लवचीक पाईप असेल तर तो साफ करत बसू नका. त्याच्या प्रत्येक वळीत गाळ धरतो आणि मध्ये झोळ पडला की पाणी कायम साचतं. नवा पाईप घ्या, लांबी मोजून घ्या आणि झोळ पडणार नाही असा बसवा. त्यात वासासाठी पाणी अडवायची सोय नसेल तर बॉटल ट्रॅपच लावून घ्या.

चौथी तपासणी: नहाणी ट्रॅप

जाळी आणि कप काढल्यावर खाली पाणी साचलेलं दिसेल. ते दोष नाही. वास अडवायला तिथे किमान ५० मिमी पाणी असायलाच हवं. छोट्या वाटीने आणि स्पंजाने ते उपसून बादलीत घ्या, म्हणजे आत दिसेल. गुंता बहुधा पाण्याच्या पातळीपाशी, बाहेर जाणाऱ्या वळणाच्या ओठावर असतो. वाकड्या टोकाचा चिमटा असेल तर त्याची खरी गरज इथे पडते. ओठाखाली टोक नेऊन केस पकडा, फिरवा, ओढा.

टोक वळणाच्या भिंतीला टेकलं की तिथेच थांबा. जुन्या इमारतींत हे ट्रॅप बिडाचे असतात, आतून गंजून पापुद्रे सुटलेले. त्यांना सळीने टोचलंत तर भोक पडू शकतं, आणि ते भोक तुम्हाला दिसणार नाही. खालच्या बिऱ्हाडाला छतावर ओल दिसेल. काम झाल्यावर दोन मग पाणी ओतून साठा पुन्हा भरा.

पाचवी तपासणी: रबरी पंप आणि गरम पाणी

चिमट्याने हाताशी येणारं सगळं काढल्यावरच पंप. आधी पंप मारला तर पंपाने गुंता पुढे जातो. पंपाचं रबर बुडेल इतकं पाणी हवं, आणि ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने गच्च बंद हवं, नाहीतर सगळा दाब तिथूनच निसटतो. नहाणी ट्रॅपला बेसिन जोडलेलं असेल तर बेसिनचं तोंडही बंद करा. पंधरा-वीस वेळा दाबा. खालचा दाब नव्हे, वर खेचणं महत्त्वाचं.

तेलकट थरासाठी गीझरचं गरम पाणी आणि दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा चांगला. चुलीवरचं उकळतं पाणी नको. पीव्हीसी त्या तापमानाला मऊ पडतं आणि सांधे सैल होतात. खायचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस व्हिडिओत छान दिसतो, पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि केस जसेच्या तसे राहतात.

कॉस्टिक सोड्याची पावडर केस खरंच विरघळवते. पण पूर्ण तुंबलेल्या, न हलणाऱ्या पाण्यात ती तापते, तळाशी दगडासारखी घट्टही होते. मोरीत ॲसिड ओतायची सवय तर मोडायलाच हवी: फरश्यांमधलं सिमेंट खाल्लं जातं, पाणी खाली झिरपतं आणि महिन्याभरात खालचे शेजारी दारात उभे. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. आज एक ओतलं, चाललं नाही, म्हणून लगेच दुसरं, हे कधीही करू नका.

हाच चिमटा बाल्कनीत

जूनच्या आधी तीन जागा बघून घ्या. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला पाणी जायला बारीक फटी असतात. धूळ आणि कबुतरांच्या पिसांनी त्या बुजल्या की पावसाचं पाणी उलटं घरात येतं आणि सगळे खिडकीच्या रबराला दोष देतात. फटी चिमट्याने मोकळ्या करा, पट्टीत मगभर पाणी ओता, ते बाहेर पडलं पाहिजे.

एसीचं पाणी घरात ठिबकत असेल तर एमसीबी बंद करून फक्त बाहेरच्या नळीचं टोक तपासा. तिथे शेवाळी गोळा किंवा कुंभारीण माशीचं मातीचं घर असतं. ते काढूनही थांबलं नाही तर मेकॅनिक. आतल्या पात्यांत चिमटा घालू नका.

कुंड्यांचं थोडं सविस्तर. घातलेलं पाणी वर तळं करून राहतं, बशी कोरडी, खालची पानं पिवळी: तळाचं भोक बंद आहे. आधी कुंडी नुसती उचलून बघा. सपाट फरशीवर टेकलेली कुंडी स्वतःचं भोक स्वतःच बंद करते. दोन विटांवर ठेवली की प्रश्न सुटतो, एक पैसा लागत नाही. तरीही पाणी अडलं तर कुंडी आडवी करून तळाच्या भोकातून चिमटा दोन-तीन सेंमीच आत घाला, कोकोपीटचा लगदा किंवा सरकलेली खापरी सैल करून काढा. त्याहून खोल गेलात तर मुळं तुटतात. भोकातून पांढऱ्या मुळांचा जाड झुपका बाहेर येत असेल तर तो ओढू नका. कुंडी लहान पडतेय, मोठी द्या. निवडुंगाच्या काट्यांत अडकलेली सुकी पानं काढायलाही हाच चिमटा उत्तम. बाथरूमसाठी वापरलेला मात्र झाडांना लावायच्या आधी साबणाने धुवून कोरडा करा, किंवा सरळ दोन ठेवा.

खिडकीच्या ग्रिलमधल्या ट्रेचं भोक मोकळं करताना खाली बघा. तुंबलेलं गढूळ पाणी एकदम सुटतं आणि खालच्यांच्या दोरीवर नेमके पांढरे कपडे असतात. पावसाळ्यात बशा आणि ट्रे आठवड्यातून एकदा रिकामे करून घासाच. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

इथे थांबा, माणूस बोलवा

चिमटा, बॉटल ट्रॅप आणि पंप झाला तरी पाणी हलत नसेल तर गुंता वळणापलीकडे आहे. तिथे प्लंबरची स्प्रिंग, म्हणजे पाईपात फिरवत घालायची लांब लवचीक तार, लागते. त्याला आधीच सांगा: काय काढलं, कुठवर गेलात आणि काही केमिकल ओतलंय का. शेवटचं लपवू नका. त्याचे हात आणि डोळे त्यावर अवलंबून आहेत.

चिमटा आत पडला आणि दिसत नाही. ट्रॅप हलतोय किंवा तडकलाय. बिडाच्या पाईपातून गंजाचे तुकडे येताहेत. खालच्या छतावर ओल आली: यातलं काहीही असेल तर पाणी वापरणं थांबवून त्याच दिवशी प्लंबर. साफ केल्यावर महिन्याच्या आत तीनदा तुंबलं तर गुंत्याचा प्रश्न नाही, पाईपाचा उतार चुकलाय किंवा आत काही कायमचं अडकलंय. तिथे चिमट्याने वेळ घालवण्यात अर्थ नाही.

मोरी, बेसिन आणि कमोड एकाच वेळी कुरकुरत असतील, किंवा वरच्यांचं पाणी तुमच्याकडे चढत असेल, तर सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी कळवा. सामायिक उभा पाईप सोसायटीचा. एका फ्लॅटमधून तो साफ करायला गेलात तर घाण दुसऱ्याच्या घरात निघते. आवाराबाहेरची मलवाहिनी भरलेली असेल तर मुंबई महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर तक्रार करता येते.

आवारातल्या चेंबरचं झाकण स्वतः उघडून आत वाकू नका, वॉचमनलाही उतरवू नका. आत साचणारा हायड्रोजन सल्फाइड एक-दोन श्वासांत माणसाला पाडतो. संरक्षक साधनांशिवाय कोणालाही गटारात उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. यंत्राची गाडी मागवायची.